बाळाला न पचणारी साखर

मित्रांनो, मी एक जुनी पालाडै आहे. तुमच्याकडे मला बोंडले म्हणतात. तळहातात मावेल एवढी चांदीची वाटी आणि तिला पुढे काढलेली निमुळती चोच, एवढाच माझा देह. ज्या बाळाला स्वतः ओढून पिता येत नाही, त्याच्या ओठांशी चोच टेकवायची आणि थेंब थेंब दूध सोडायचे, हे माझे काम. काम सोपे आहे. माणसे सोपी नाहीत. दूध सोडून माझ्यात आजवर काय काय ओतले गेले ते आठवले, की अजूनही माझा जीव वैतागतो. मला तोंड आहे, पण ते फक्त ओतायला. बोलायला असते तर निम्मी रडारड टळली असती.

माझा जन्म अंबासमुद्रमच्या एका आसारीच्या, म्हणजे सोनाराच्या, हातून झाला. त्याने पत्रा ठोकून मला आकार दिला, चोच काढली, कड घासली आणि मग ती कड स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवून पाहिली. कुठे जरा बोचली की पुन्हा घासायला घेई. बाळाचा ओठ कसा असतो याचा इतका विचार करणारा तो पहिला माणूस. पुढे बरीच वर्षे तो शेवटचाही ठरला.

पेच्चियम्माळच्या आईने मला विकत घेतले आणि लेकीच्या पहिल्या बाळंतपणात तिच्या हाती दिले. पेच्ची मुक्कूडलला राहत होती. ताम्रपर्णीच्या काठचे हे गाव. इथल्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. पेच्चीही वळायची. तिला मुलगा झाला, सुडलै. मी अगदी चकचकीत होऊन वाट पाहत होते. पहिल्याच दिवशी आईच्या अंगावरचे घट्ट पिवळे दूध माझ्यात पिळले गेले. तुम्ही त्याला चीक म्हणता, इकडे सीमपाल म्हणतात. मला वाटले, चला, कामाला सुरुवात झाली. तर पेच्चीच्या सासूने मला उचलले, परसात नेले आणि ते सगळे केळीच्या बुंध्यात ओतले.

"नऊ महिने साचलेलं नासकं दूध ते," ती म्हणाली. "पोराला पाजायचंय होय?"

केळ चांगली पोसली. पोराला मात्र मिळाले साखरेचे पाणी. त्याला इथे सेनै म्हणतात. बाळ जन्मले की घरातल्या एखाद्या भल्या माणसाने त्याच्या तोंडात गोड थेंब सोडायचे. ज्याच्या हातची सेनै, त्याचा स्वभाव बाळाला लागतो, असे सगळे धरून चालतात. म्हणून सेनै कोणी ठेवायची यावर भांडणे होतात. सुडलैच्या वेळी पेच्चीच्या थोरल्या भावाचा नंबर लागला. पुढे सुडलै दुपारी जेवून घोरायला लागला, तेव्हा "मामाची सेनै हो," म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी जेवून गावातले सगळेच पुरुष घोरत होते. पण ते कोणाच्या लक्षात आले नाही.

सुडलै दणकट होता, निभावून गेला. त्याच्या पाठीवर मुलगी झाली. तिचे नाव मुप्पिडाती. तिच्या वेळेपर्यंत गावच्या दुकानात दुधाच्या भुकटीचे डबे आले होते. डब्यावर एक गुबगुबीत गोरे बाळ हसत असे. त्या बाळाचा मला अजून राग आहे. पेच्चीला लवकर विड्यांवर बसायचे होते, आणि डब्याचे दूध पाजले की पोर तसे गुबगुबीत होते असे शेजारणीने सांगितले. जुन्या रीती आता कशाला, म्हणून सेनैसुद्धा कोणी ठेवली नाही. पेच्चीचे स्वतःचे दूध तिच्या लुगड्यात जिरून आटले. डबा पुरवायचा म्हणून भुकटी रोज थोडी कमी होत गेली आणि कालव्याचे पाणी रोज थोडे वाढत गेले. ते पाणी कोणी उकळले नाही. मलाही उकळले नाही. पदराने पुसले की झाले, असा हिशेब. माझ्या चोचीच्या आत आंबट थर धरला होता. मला तो जाणवत होता आणि मी काहीएक करू शकत नव्हते.

मुप्पिडातीला जुलाब लागले. डोळे खोल गेले, टाळू खाली बसली. मग ती गेली.

पेच्चीने मला एका फडक्यात गुंडाळले आणि भाताच्या कणगीच्या तळाशी टाकले. त्या घरात मुप्पिडातीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. वर भात येई, भात जाई. मी तळाशी काळी पडत राहिले. बरोबरच आहे. रागवायला भांडे बरे असते, ते उलटून बोलत नाही.

मित्रांनो, मधली वर्षे मी सांगत नाही. अंधारात सांगण्यासारखे काही घडत नाही. सुडलैचे लग्न झाले. त्याच्या बायकोचे नाव इसक्की. तीही विड्या वळणारी, हाताने चपळ, बोलायला कमी. तिला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या आणि तिरुनेलवेलीच्या मोठ्या रुग्णालयात मुलगी झाली. एवढीशी. तिची मूठ म्हणजे एखाद्या बोराएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवले. ओढून प्यायची ताकद तिच्यात नव्हती. तिथल्या डॉक्टर शेनबगवल्ली यांनी पेच्चीला सांगितले, "घरी जुनी पालाडै असेल तर आणा, आच्ची. आमच्याकडे आहेत, पण घरी गेल्यावरही तुम्हाला लागेलच. हाताला सवय होऊ दे."

आच्ची म्हणजे आजी. पेच्ची आता आच्ची झाली होती.

कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तिने मला बाहेर काढले. अंगाऱ्याने घासले. चांदी वर आली तरी ती घासतच राहिली. रुग्णालयात सिस्टरने मला घेतले आणि सरळ उकळत्या पाण्यात सोडले. माझ्या आयुष्यातले ते पहिले उकळणे. इतक्या वर्षांत हे कोणाला सुचू नये, याचे मला काय वाटले ते मी सांगत बसत नाही.

इसक्कीने माझ्यात चीक पिळला. जेमतेम तळ झाकला, पण मधासारखा पिवळाधमक. पेच्चीने मला उचलले आणि निघाली मोरीकडे. तीच चाल, जी तिच्या सासूची होती. मी म्हटले, झाले. आता इथे केळही नाही.

"आच्ची, कुठे निघालात?" डॉक्टरांनी दारात अडवले.

"सीमपाल आहे, डॉक्टर. पिवळं. टाकून येते. उद्या-परवा पांढरं येईल ते घ्या."

"मला हेच हवंय. इकडे द्या." डॉक्टरांनी मला दोन्ही हातांनी धरले. "यातला एक थेंब सांडू द्यायचा नाही. या दुधात एका तऱ्हेची साखर असते. पहिल्या दिवसांत तर फार असते. ती बाळाला पचत नाही."

"मग मी काय म्हणत होते?" पेच्चीचा चेहरा खुलला. "पचत नाही ते पोराच्या पोटात कशाला घालायचं?"

"बाळासाठी नाहीच ती. बाळाच्या आतड्यात बारीक जिवाणू राहायला येतात, आईकडूनच येतात. ही साखर म्हणजे त्यांचं जेवण. ते जेवून माजले, की आतडं अडवून बसतात आणि वाईट जंतूंना टेकायला जागा देत नाहीत. शिवाय काही वाईट जंतू आतडं समजून या साखरेलाच जाऊन चिकटतात आणि तिच्याबरोबर बाहेर पडतात."

पेच्चीने थोडा विचार केला. "म्हणजे माझी सून दोन चुलींवर रांधते म्हणायची. एक पोराची, एक किड्यांची."

"तसं समजा."

"घरी एका चुलीला कंटाळते."

"अत्तै," इसक्की खाटेवरून म्हणाली, "चूल पेटवायला लाकडं तुम्ही मोजून देता."

सासूला इकडे अत्तै म्हणतात. डॉक्टर हसल्या. त्यांनी माझ्यातला चीक सिरिंजमध्ये ओढून घेतला, दोन थेंब बाळाच्या गालाच्या आत लावले आणि बाकीचा नळीने पोटात सोडला. मी रिकामी झाले. पहिल्यांदाच, योग्य ठिकाणी.

पुढे बाळ गिळू लागले. नळी निघाली आणि माझी पाळी सुरू झाली. पण इसक्कीचे दूध कमी पडत होते. भीती आणि उपाशी पोट, दुसरे काय. रुग्णालयात दूधपेढी होती. ज्या आयांना दूध पुरून उरते त्या तिथे देतात, ते तापवून, तपासून ठेवले जाते. तापवले तरी ती साखर तशीच राहते, असे डॉक्टरांनी सांगितले. कोणाचे दूध कोणाला जाते हे तिथे सांगत नाहीत. पण वॉर्डात भरभरून दूध येणारी बाई एकच होती, उवरीच्या किनाऱ्यावरची जसिंता. तिचा नवरा मासेमारी करायचा. तिचे बाळ पलीकडच्या पेटीत होते आणि तिचा आवाज अख्ख्या वॉर्डात ऐकू यायचा.

पेच्ची सुनेच्या कानाशी लागली. "त्या दर्यावरच्या बाईचं दूध? पोर भांडकुदळ होईल."

पेच्चीचे कुजबुजणे आणि दुसऱ्याचे ओरडणे यात फारसा फरक नाही. जसिंताने वळून पाहिले. "आच्ची, भांडणासाठी तुमच्या घरात माझं दूध कशाला लागतंय? तुम्ही आहात की."

वॉर्डातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. इसक्कीसुद्धा. बाळाने मात्र ते दूध घेतले, चाटून घेतले, आणि वजन चढू लागले. मला वाटले, आता सगळे मार्गाला लागले. मित्रांनो, मला असे वाटते तेव्हा हमखास काहीतरी होते.

पेच्चीच्या मनात ते दूध सलत होते. परक्या बाईचा स्वभाव नातीत उतरतोय, असे तिला वाटे. मग उपाय एकच. आपल्या घरची सेनै. तिने पापनासमच्या डोंगरातला मध कमरेला खोचलेल्या छोट्या बाटलीत आणला होता. इसक्की जेवायला गेली, सिस्टर दुसऱ्या बाळाकडे वळली, तेवढ्यात पेच्चीने मला घेतले, मध ओतला, पाणी मिसळले आणि चोच नातीच्या ओठांशी टेकवली. तिचे ओठ हलत होते, कुलदेवीचे नाव घेत होती. मी कलंडले गेले. मी तोंड मिटून घेऊ शकले असते तर मिटले असते. बाळाने गिळले. गोडच होते ते.

त्या रात्री सिस्टरने रुग्णालयाची पालाडै वापरली आणि मी न धुता टेबलावरच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे पोट ढोलकीसारखे ताठ झाले. हिरवी उलटी झाली. अंग गार. सिस्टर धावल्या. दूध बंद झाले, सलाईन लागले. डॉक्टरांनी विचारले, "वरचं काही दिलंत का? पाणी, ग्राइप वॉटर, घुटी, काहीही?"

"नाही," इसक्की म्हणाली. ती खरे बोलत होती.

पेच्ची भिंतीकडे पाहत उभी राहिली.

आणि मी तिथेच, टेबलावर, उपडी. मध माझ्या चोचीच्या खोबणीत चिकटलेला. एक मुंगी तो शोधत आली. मुंगीला कळले, पण डॉक्टरांना कळायला कोणी तोंड उघडेना. त्या वेळचा माझा वैताग मला शब्दांत सांगता येणार नाही.

नंतर इसक्की मला धुवायला घेऊन गेली. विडीचे पान वास घेऊन ओळखणारी ती. नळाखाली धरण्याआधीच थांबली. मला नाकाशी नेले. चोचीवर बोट फिरवून जिभेला लावले. मग ओल्या हातांनीच मला घेऊन व्हरांड्यात गेली, जिथे पेच्ची बसली होती.

"अत्तै, हिच्यात मध कुठून आला?"

पेच्चीने कमरेची बाटली पदराखाली सारली.

"डॉक्टर विचारत होत्या. माझ्यासमोर विचारत होत्या. तुम्ही भिंत बघत होतात."

"बोटभर तर दिला," पेच्ची म्हणाली. "सेनै ठेवली. ठेवायला नको? मुप्पिडातीला कोणी ठेवली नव्हती. म्हणून गेली ती. ही पण तशीच जाऊ देऊ?"

"कोण मुप्पिडाती?"

पेच्चीने तोंडावर हात ठेवला. नाव तोंडून निघून गेले होते. मग तिने सांगितले. डबा, त्यावरचे बाळ, कालव्याचे पाणी, खाली गेलेली टाळू. सुडलैला बहीण होती हे त्याच्या बायकोला लग्नाला पाच वर्षे झाल्यावर त्या व्हरांड्यात कळले. इसक्की ऐकत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण आवाज नाही बदलला.

"उठा. हे सगळं आत जाऊन डॉक्टरांना सांगा. मधाचं सांगा. मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं."

"त्या मला हाकलून देतील."

"देऊ देत. आधी माझ्या पोरीचं पोट."

पेच्ची गेली. तिने उभ्या उभ्या सांगितले. डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले आणि बराच वेळ कपाळ चोळले. "आच्ची, मी तुम्हाला काय म्हणू आता? चीक टाकायला निघालात तेव्हा अडवलं. पूर्ण वॉर्डाला रोज सांगते, दुधाशिवाय थेंब नाही. माझा घसा बसला सांगून." मग त्या उठल्या. "मधामुळेच झालं असं मी शपथेवर म्हणणार नाही. इतक्या लवकर आलेल्या बाळांना कशानंही होतं. पण मला लगेच कळायला हवं होतं. आता जंतू मारायचं औषध द्यावं लागेल. त्यात वाईटांबरोबर चांगलेही मरतील. मग पुन्हा पहिल्यापासून वस्ती बसवायची, दुधाच्या थेंबाथेंबानं. इसक्की, तू दूध काढत राहायचं. बाळ पीत नसलं तरी काढायचं. कळलं?"

ते दिवस वाईट गेले. इसक्की पिळत राहायची आणि माझ्या तळाशी कधी ओल यायची, कधी तीही नाही. जसिंता येऊन तिच्या पाठीला तेल चोळायची. "बघू नकोस वाटीत," म्हणायची. "वाटीत बघितलं की येत नाही. माझ्याकडे बघ, मी काय कमी शोभेची आहे?" पेच्ची दोघींसाठी घरून लसूण घातलेले कढण आणायची आणि जसिंतापुढे जास्त भरलेला पेला ठेवून दुसरीकडे तोंड करून बसायची. जसिंता मुद्दाम म्हणायची, "मीठ कमी आहे, आच्ची." पेच्ची मुकाट्याने मीठ आणून द्यायची. तिला मुकाट्याने काही करताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मग एका सकाळी पोट मऊ झाले. डॉक्टरांनी बोटांनी दाबून पाहिले, पुन्हा दाबून पाहिले, आणि इसक्कीला म्हणाल्या, "आण." मला उकळून, थंड करून आणले. इसक्कीचे थोडे, पेढीतले थोडे. बाळाने जीभ बाहेर काढून माझी चोच चाचपली आणि गिळले.

त्या दिवशी पेच्ची डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी तिच्याच हातात होते, नुकतीच धुतलेली. तिने विचारले, "माझी मुप्पिडाती मी मारली का?"

डॉक्टर म्हणाल्या, "मी तेव्हा नव्हते, आच्ची. पण सेनै ठेवली नाही म्हणून ती गेली नाही, एवढं पक्कं. पातळ केलेलं दूध, न उकळलेलं पाणी, न उकळलेलं भांडं. याचे जुलाब आणि आईचं दूध नाही त्यांना अडवायला. डब्यावर सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तुम्हाला वाचता येत होतं?"

"नाही."

"कोणी वाचून दाखवलं?"

"दुकानदारानं चित्र दाखवलं."

डॉक्टरांनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली. पेच्ची बसली आणि मला मांडीवर धरून रडली. इतक्या वर्षांचे रडणे होते, लवकर संपले नाही. बाहेर रांग लागली होती. डॉक्टरांनी रांगेला थांबायला सांगितले.

त्यानंतर पेच्चीचा एक नवा त्रास सुरू झाला. ती वॉर्डातल्या प्रत्येक सासूला गाठू लागली. "आईच्या दुधात एक साखर असते. पोराला पचत नाही ती. पोटात पहारेकरी असतात, त्यांना लागते. मध घातलास तर पहारेकरी रुसून जातात." पहारेकरी रुसत वगैरे नाहीत, असे डॉक्टरांनी दोनदा सांगून पाहिले. एका आजीच्या हातातली मधाची बाटली पेच्चीने काढून घेतली आणि परत दिली नाही. डॉक्टरांनी मग सांगणे सोडून दिले. मीही वैतागणे सोडले.

इसक्की आता बाळाला छातीशी, कातडीला कातडी लावून, तासन्तास बांधून ठेवी. एका दुपारी पेच्ची मला भरून घेऊन आली. चोच ओठांशी टेकवली. बाळाने तोंड फिरवले. पेच्चीने दुसऱ्या बाजूने टेकवली. बाळाने पुन्हा तोंड फिरवले, नाकाने आईचे अंग हुंगत खाली सरकले आणि लागले प्यायला. आवाज करून. इसक्कीने श्वास रोखून धरला. पेच्ची मला हातात धरून तशीच उभी राहिली, दूध सांडू नये म्हणून अगदी न हलता.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याला झिडकारले जाण्याची सवय असते. पण असे झिडकारणे मी कितीही वेळा सोसायला तयार आहे. बाळाने माझ्याकडे पाठ फिरवून आईकडे वळावे, यासाठीच मला बनवलेले असते.

तोवर, ज्यांच्या घरी कमकुवत बाळ असेल आणि कपाटात माझ्यासारखी एखादी असेल, त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. मला पदराने पुसू नका, उकळा. माझ्यात मध नको, साखर नको, पाणी नको. आईचा पिवळा चीक झाडाला घालू नका. बाळाने तोंड उघडेपर्यंत धीर धरा, ओतू नका. आणि डॉक्टर काही विचारतील तेव्हा भिंतीकडे बघू नका, बोला. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.